मेलेल्या ब्रीदरांचा डबा

७ जानेवारी, मंगळवार

लेकीने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, तुमच्या डोक्यात आहे ते सगळं लिहून ठेवा. ह्यांच्या उपयोगी पडेल." हे म्हणजे आमचे जावईबापू. चार वर्षं माझ्याच गॅरेजात माझ्याबरोबर काम करतायत आणि अजूनही बॉनेट उघडायच्या आधी गाडीला तो स्कॅनर जोडतात. अशा माणसाच्या डोक्यात वहीतून काय जाणार आहे, देव जाणे. पण लेकीला नाही म्हणवत नाही.

तर पहिला धडा, ब्रीदर व्हॉल्व्ह. अंगठ्याएवढी वस्तू. इंजिन कितीही चांगलं असलं तरी पिस्टनच्या कडेने थोडा धूर खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. तो आत कोंडू न देता परत जाळायला वर पाठवायचा, एवढंच ब्रीदरचं काम. तो चोंदला की आत दाब वाढतो आणि जिथलं सील कच्चं असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. मग लोक सीलं बदलत बसतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. चाळीस हजार किलोमीटर झाले की ब्रीदर काढून बघावा. लाखाच्या आसपास गेला असेल तर बघत बसू नये, बदलून मोकळं व्हावं. एअर फिल्टरला तेल लागलेलं दिसलं, तेल भराभर उतरायला लागलं, गाडी उभी असताना इंजिन थरथरायला लागलं, तर किलोमीटर मोजू नयेत, आधी ब्रीदर काढावा.

बघायचा कसा? काढायचा, पुसायचा, कानाशी धरून हलवायचा. आतली पिन टिकटिक वाजली तर जिवंत. नाही वाजली तर मेला. काही जण इंजिन चालू ठेवून त्याच्या तोंडावर अंगठा धरतात आणि आतून ओढ लागते का ते बघतात. ती शिकाऊ लोकांची पद्धत. अंगठ्याला काय अक्कल असते? मी चौतीस वर्षं कानावर कामं केली. लोक मला कानसेन म्हणतात ते उगाच नाही.

हे लिहीत असताना ही स्वयंपाकघरात भाजी चिरतेय. पूर्वी काम करता करता गुणगुणायची. किती महिने झाले, ते बंद केलंय. काही विचारावं तर तोंडातल्या तोंडात उत्तर देते, पुन्हा विचारलं की खेकसते. माझं काय चुकलं ते सांगत नाही. तीस वर्षांच्या संसारात हिने असा अबोला कधी धरला नव्हता. संध्याकाळी घरात शिरलो की कुणाच्या तरी मयताला आल्यासारखं वाटतं. आता हा काही धडा नाही. पण वही माझी आहे.

९ जानेवारी, गुरुवार

आज एका गाडीचा ब्रीदर काढला. मेलेला. स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा मागवला, कानाशी धरून हलवला, तर तोही मुका! नवाकोरा, पाकिटातला. तसाच उठून दुकानात गेलो. दुकानदाराने हलवून बघितला आणि म्हणाला, "वाजतोय की, कानसेन!" मी म्हटलं, "तुला खपणारा माल सगळाच वाजतो." दुकानातली माणसं हसली. तो मात्र हसला नाही, माझ्याकडे जरा विचित्रच बघत राहिला. चोरी पकडली गेली की माणूस असाच बघतो.

शेवटी जुनाच पेट्रोलने धुऊन परत बसवला. कंपनीचा मूळ पार्ट आहे, नकलीपेक्षा बरा. नवा एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकला आणि डब्यावर खडूने 'मेले' असं लिहिलं.

खरं सांगायचं तर हलवताना बोटांना आत काहीतरी हलल्यासारखं वाटलं होतं. पण बोटांना काहीही वाटतं.

१५ जानेवारी, बुधवार

डब्यात आता तीन झाले. बाजारात अख्खी खेपच नकली आलेली दिसते. गिऱ्हाइकांना मी स्पष्ट सांगतो, नवा बसवून फसवणार नाही, जुनाच धुऊन बसवलाय, पुढच्या महिन्यात या.

जावईबापूंचं वागणं हल्ली बदललंय. पूर्वी कामात डोकं घालून बोलायचे. आता पार माझ्यासमोर येऊन उभे राहतात आणि डोळ्याला डोळा भिडवून एकेक शब्द फेकतात. मास्तरने ढ पोराला समजवावं तसं. सासऱ्याशी असं बोलतात का? संध्याकाळी मी हातपाय धुऊन निघालो की हे म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे, मी आवरून येतो." काय आवरतात कोण जाणे. परवा विसरलेला चष्मा घ्यायला परत गेलो, तर मी तयार करून ठेवलेल्या गाडीचं बॉनेट उघडून आत वाकले होते. मला बघून दचकले. माझ्या कामाची तपासणी चाललीय तर. माझ्याच गॅरेजात.

२१ जानेवारी, मंगळवार

आज थोडक्यात वाचलो. रस्ता ओलांडत होतो तर एक स्कूटरवाला अंगावरच आला. घसरला, उठला आणि उलट मलाच शिव्या. म्हणे, केव्हापासून हॉर्न वाजवतोय! हॉर्न वाजवायचा नाही आणि वर दादागिरी करायची.

घरी येऊन हिला सांगितलं. ही रडायलाच लागली. एवढं रडण्यासारखं काय होतं? नंतर लेक आणि जावई आले. तिघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत बसली. मी आत गेलो तर गप्प. ही जावयाचे कान भरते, एवढं आता मला पक्कं कळलंय. गॅरेज त्यांच्या हवाली करून मी घरी बसावं असा सगळ्यांचा बेत असावा. घरी बसून मी करू काय? भिंतीशी बोलू? ही तर बोलत नाहीच.

रात्री मनात आलं, उद्या मी गॅरेजात गेलो नाही तर कुणाचं काय अडेल? उत्तर सापडलं नाही म्हणून वही काढली. वहीतही सापडलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

जावयाच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दहा दिवस ते गावी. सुटलो बुवा! चार वर्षांत पहिल्यांदा गॅरेज माझं एकट्याचं.

आज नर्सबाई आल्या. आजूबाजूच्या वस्त्यांवर घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची मलमपट्टी करतात, इंजेक्शनं देतात. हिच्या पायाचं हाड मोडलं होतं तेव्हा दीड महिना रोज येत होत्या. त्यांची गाडी नेहमी माझ्याकडेच. म्हणाल्या, "काका, तेल सारखं कमी होतंय. उभी करते तिथे डाग पडतो." ब्याण्णव हजार चाललेली गाडी. ऐकूनच ओळखलं. ब्रीदर काढला. चिखलाने भरलेला. कानाशी हलवला, मुका. बोटांनाही काही लागलं नाही.

हिच्या पायाची ज्यांनी सेवा केली त्यांच्या गाडीत नकली माल घालायचा नाही म्हणून एक सोडून तीन ब्रीदर मागवले, दोन दुकानांतून. तिन्ही मुके. तिन्ही डब्यात. डब्यात आता आठ झाले. जुनाच घासून-घासून धुतला, फुंकून बघितला, बसवला आणि तेल भरून दिलं. त्यांच्याकडून काही घेतलं नाही, त्यामुळे कामाच्या वहीतही लिहिलं नाही. घरच्या गाडीची नोंद कशाला?

१० फेब्रुवारी, सोमवार

नर्सबाई परत आल्या. म्हणाल्या, "काका, आता बॉनेटमधून बारीक शिट्टी येते. चढावर जास्त." मी इंजिन चालू केलं, लांब पेचकस टेकवला आणि त्याच्या मुठीला कान लावला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं ऐकलं. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. शिट्टी कुठेच नाही. त्या मात्र बोट दाखवत होत्या, "ही काय, आत्ताही येतेय."

मी म्हटलं, "बाई, दिवसभर रोग्यांचं कण्हणं ऐकता, तुमच्या कानात बसलीय ती शिट्टी." त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर नसेल." आणि गेल्या.

बरं वाटलं. निदान एका माणसाला तरी माझ्या शब्दाची किंमत आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जावईबापू हजर. आल्या आल्या कामाची वही घेऊन बसले. एकेक गाडी विचारून घेतली. वहीतल्या दोन गाड्या 'सहज' म्हणून परत बोलावल्या आणि बघितल्या. मी कानाडोळा केला. भांडायचीही ताकद राहिली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नर्सबाईंची गाडी टोचन करून आणली. इंजिन जॅम.

चढावर मागचं ऑइल सील उडालं आणि तेल रस्त्यावर सांडत गेलं. तेलाचा दिवा लागला तेव्हा त्यांनी लगेच गाडी बाजूला घेतली, पण तोपर्यंत आटोपलं होतं. पुढे अडीच तास पायी चालत गेल्या. पाठीला जखमा झालेली एक म्हातारी तिथे त्यांची वाट बघत होती. पोचल्या तेव्हा तिला ताप भरला होता. तिला मोठ्या दवाखान्यात हलवलंय.

जावयाने ब्रीदर काढला. हलवला. मग इंजिनाकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि समोर येऊन विचारलं, "बाबा, ही गाडी कधी आली होती?"

मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "नवे तिन्ही नकली होते, त्याला मी काय करू?" ते काहीतरी बोलले, पण तोंड गाडीकडे होतं. पुटपुटायची खोड सगळ्या घरालाच लागलीय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जेवलो नाही. चेंबर उघडून बघितलं. बेअरिंगं जळून निळी पडलीत. सगळं इंजिन वाया गेलं, आणि कारण ती अंगठ्याएवढी वस्तू. मी स्वतःच्या हाताने धुऊन परत बसवली होती. पहिल्या पानावर काय लिहिलंय ते परत वाचलं. लाखाच्या आसपास गेला असेल तर बघत बसू नये, बदलून मोकळं व्हावं. अक्षर माझंच आहे.

पण नवे मेलेले होते. मी स्वतः ऐकले होते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. पण दुसरं काय करू?

नर्सबाई गॅरेजात आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि जावयाशी बोलत होत्या. मी पाठमोरा उभा राहून पाने-पेचकस पुसत होतो, तोंड दाखवायची लाज वाटत होती. थोड्या वेळाने त्या उठून माझ्यापुढे आल्या. चेहरा वेगळाच झाला होता, रोग्याला बघताना होतो तसा.

म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला तीनदा हाक मारली."

मी म्हटलं, "लक्ष नव्हतं."

"बरं. आता भिंतीकडे तोंड करून उभे राहा. मी मागे काहीतरी वाजवते. वाजलं की हात वर करा."

असला पोरखेळ करायचं माझं वय आहे का? पण त्यांचं इंजिन मी मारलं होतं, त्यामुळे नाही म्हणायचं तोंड नव्हतं. उभा राहिलो. खिळ्यांवर टांगलेले फॅनबेल्ट मोजले. चौदा. त्या काही वाजवेनात. शेवटी म्हटलं, "बाई, वाजवा की आता." तरी काही नाही. म्हणून मागे वळलो.

माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि तो जोरजोरात हलत होता. त्यांच्या मागे जावई उभे होते. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

मी जुडग्याकडे बघत राहिलो. पाच-सहा किल्ल्या एकमेकींवर आपटत होत्या. आवाज नव्हता. म्हणजे होता. त्या दोघांना येत होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ही म्हणते, दीड वर्ष झालं. आधी दाराची घंटा, मग फोन, मग हिचा आवाज. पुरुषांचे जाड आवाज मला येतात आणि समोर उभं राहून बोललेलं ओठांवरून कळतं, म्हणून दुकानात, गॅरेजात कळलं नाही. हिने कितीदा सांगितलं म्हणे, आणि मी म्हणे दर वेळी उठून गेलो. मला एकही वेळ आठवत नाही. खांद्याला हात लावल्याशिवाय बोलत नव्हती ते ह्यासाठी. मी मनात म्हणायचो, हिला या वयात काय सुचतंय.

आणि जावई. त्यांनी आज सांगितलं, मी विचारल्यावर. मी घरी गेलो की ते माझ्या गाड्या पुन्हा बघायचे. मी नाकारलेला ब्रीदर डब्यातून काढून गाडीत बसवायचे आणि गाडीतला जुना डब्यात टाकायचे. म्हणजे मोजले तरी मला कळू नये. पाच गाड्या अशा केल्या. एकच राहिली. ते नव्हते, आणि मी वहीत लिहिली नव्हती.

मी म्हटलं, "तोंडावर का नाही सांगितलंत?"

ते म्हणाले, "बाबा, तुम्हाला कानसेन म्हणतात. कसं सांगणार होतो?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. लाज मात्र एवढी वाटली की तिथून उठावंसं वाटेना आणि बसवेना.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गॅरेज उघडायच्या आधी एकटा जाऊन बसलो. डबा घेतला. आठही ब्रीदर बाकावर ओळीने मांडले. डोळे मिटले आणि एकेक दोन बोटांत धरून हलवला. कानाशी नेला नाही.

पाच मुके. जुने, जावयाने टाकलेले.

तिघांत पिन हलत होती. स्पष्ट. बोटांच्या टोकांना टिक, टिक, टिक. नर्सबाईंच्या गाडीसाठी आणलेले तीन. तेव्हाही हललेच असणार. बोटं तेव्हाही सांगतच होती आणि मी त्यांना गप्प बसवलं. तिन्हींतला कुठलाही एक बसवला असता तर ती म्हातारी आज घरी असती.

मग एका गाडीचं इंजिन चालू केलं, ब्रीदर नळीसकट बाहेर काढला आणि तोंडावर अंगठा ठेवला. शिकाऊ लोकांची पद्धत. अंगठा आत ओढला गेला. पाव मिनिटाचं काम. पोरालाही जमलं असतं.

जावई आले तेव्हा मी अंगठा तसाच धरून बसलो होतो. त्यांनी इंजिन बंद केलं. चहा आणतो म्हणाले, माझ्या समोर येऊन.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानाला फोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ मी दाबलंच नाही. काचेपलीकडे ही उभी होती, माझ्याकडे न बघता तपासणाऱ्या बाईच्या कागदाकडे बघत होती. डॉक्टर म्हणाले, चौतीस वर्षं इंजिनाला कान लावून बसलात, बारीक आवाज आधी जातात. यंत्र मिळेल. बोलणं बरंच कळेल. मी विचारलं, "ब्रीदरची पिन?" त्यांना ब्रीदर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी समजावलं. म्हणाले, तसले आवाज पूर्वीसारखे नाही यायचे.

ज्या कामाने नाव दिलं त्यानेच कान खाल्ले. आता मी कोण? बाहेर ही हात धरून चालत होती, आंधळ्याला न्यावं तसं. मी सोडवून घेतला नाही.

नर्सबाईंच्या गाडीत जावई दुसरं इंजिन बसवतायत. मी पाने हातात देतो. त्या म्हातारीचा ताप अजून उतरलेला नाही.

२ मार्च, रविवार

जावईबापू, ही वही तुमच्यासाठी होती. पहिल्या पानावरचं ब्रीदर बघायचं कलम खोडलंय. आता असं वाचा: इंजिन चालू ठेवून तोंडावर अंगठा धरावा. ओढ लागली तर जिवंत. संशय आला तर नवा बसवावा आणि वहीत लिहावं, गाडी घरची असली तरी. डब्यावरचा खडूही पुसलाय. मागची पानं वाचू नका. वाचलीत तर कधी बोलू नका.

एवढं लिहून स्वयंपाकघरात गेलो. ही ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. तिच्या खांद्याला हात लावला, जसा ती मला लावते. वळली. म्हटलं, "एक विचारू? तू गुणगुणायचं का बंद केलंस?"

तिने सुरी खाली ठेवली.

"मी कुठे बंद केलंय?" सावकाश म्हणाली, ओठ मोठे करून. "आत्ताही तेच चाललं होतं."

मी म्हटलं, "परत म्हण."

ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. ओठ थोडे हलले, गळा हलला. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी थांबली नाही. मी दोन बोटं तिच्या गळ्याला लावली. बोटांना कळत होतं. कोणतं गाणं ते मात्र कळलं नाही.